शेजारणीचं गाव

२३ एप्रिल २००६, रविवार. हॅरो.

बाईमाणसाला 'बाबा' म्हणतात! ऐकावं ते नवलच.

विमानतळावरून घरी येऊन मी पायातले बूटसुद्धा काढले नव्हते, तर पूर्वी म्हणाली, "आजी, मी बाबाकडे जाऊन येते." मी म्हटलं, अगं बाबा इथेच तर आहे – मिलिंद माझ्या बॅगा आत ओढत होता. तर खी खी हसायला लागली. "हा बाबा नाही आजी, ती बाबा! नेक्स्ट डोअर!" आणि पळाली पण. कराडहून आजी आलीये, दोन वर्षांनी भेटतेय, आणि नात दारातून शेजारी!

मग अक्षयाने समजावलं. शेजारी मोत्र्या नावाची युक्रेनची एक म्हातारी राहते, ऐंशीची. एकटीच. तिच्याकडे आजीला 'बाबा' म्हणतात. अक्षया हॉस्पिटलात, मिलिंद ट्रेनने लंडनला, त्यामुळे पूर्वीला शाळेतून हीच आणते, सहापर्यंत सांभाळते. "फार मायाळू आहेत हो आई. त्यांच्या जिवावर माझी नोकरी चाललीय."

म्हणजे फोनवर पूर्वी सांगायची "बाबाकडे होते", तेव्हा मला वाटायचं, मिलिंद लवकर घरी येतो. कौतुकाने कराडभर सांगत सुटले होते की माझा मुलगा संध्याकाळी लेकीसाठी वेळ काढतो!

मोत्र्या. आमच्या गल्लीत एक कुत्रा होता, त्याचं नाव मोत्या.

२५ एप्रिल, मंगळवार

सांगून टाकलं, मी आहे तोवर शाळेतून मीच आणणार. गेले. गेटपाशी बघते तर ती उभी! ठेंगणी, गोल, डोक्याला निळा रुमाल, पायात पुरुषी बूट. सवयीने आले म्हणे. सवय!

पूर्वी धावत आली, दप्तर तिच्या हातात दिलं, आणि मग मला पाहिलं. "आजी! तू पण आलीस?"

'पण'. त्या 'पण'ने रात्रीचं जेवण गेलं नाही.

३ मे, बुधवार

पूर्वीसाठी किती साठवून आणलं होतं मी. आख्खी हयात शाळेत इतिहास शिकवला, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. आज तिला जवळ घेऊन नकट्या रावळ्याच्या विहिरीची गोष्ट सुरू केली. पंताच्या कोटातली ती खोल पायऱ्यांची विहीर, ती मुलीला कशी दाखवायची ते सगळं मनात रचून ठेवलं होतं. दोन वाक्यं झाली असतील. "आजी, हे माहितेय. फोनवर सांगितलंस तू. मनोरे पण. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात ते पण."

आणि मग म्हणते, "आता मी सांगते. बाबाचा गावाचं."

मग सुरू झाली ती थांबेचना. गावाचं नाव बिला त्सेर्क्वा – जिभेला गाठ बसते. राजधानी कीव्हच्या खाली. बिला म्हणजे पांढरं, त्सेर्क्वा म्हणजे चर्च. "खूप ओल्ड आहे आजी, एक राजाने केला. मग घोडेवाले आले आणि सगळं जाळलं. आणि टेकडीवर नुसता चर्चचा पांढरा भिंत राहिला. लांबून तोच दिसायचा, म्हणून लोक म्हणायला लागले, पांढरा चर्च." नदी आहे, तिचं नाव रोस. मोठी बाग आहे, कुणा काउंटेसची. बागेत राजवाड्याचे अवशेष. आणि खांबांची एक अर्धगोल रांग – एका टोकाला कुजबुजलं की दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. बाबा आणि तिची बहीण दोन टोकांना उभ्या राहायच्या.

हातवारे करून सांगत होती. डोळे हे एवढे! माझ्या विहिरीला असे डोळे कधी झाले नाहीत.

विचारलं, तुला कशाला सांगितलं गं हे सगळं तिने? तर म्हणाली, "मी विचारलं ना. तू सांगितलंस, नवीन माणूस भेटला की आधी नाव विचारायचा, मग गाव."

सांगितलं होतं खरं. गाव कळल्याशिवाय माणूस अर्धाच कळतो, आपल्यात तशी रीतच आहे, असं मीच फोनवर शिकवलं होतं. हात दाखवून अवलक्षण!

११ मे, गुरुवार

पूर्वी शेजारून बीटाचं लालभडक सूप पिऊन आली. माझी आमटी तशीच राहिली. "पोट भरला आजी."

१६ मे, मंगळवार

लायब्ररीत जाऊन आले. कार्ड मिलिंदच्या नावावर आहे. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, युक्रेनचा इतिहास. तिने दोन जाडे ग्रंथ काढून दिले, कंप्युटरवर कसं शोधायचं तेही दाखवलं. "तुम्ही तिकडच्या का?" नाही बाई, मी कऱ्हाडची!

कशाला गेले? खरं लिहायला काय जातंय, ही वही काही कुणी वाचत नाही. चूक काढायला गेले. ऐंशीची बाई, शिक्षण बेतास बात. एक तरी चूक करणारच. आणि मी चूक पकडायचा पगार घेतलाय आयुष्यभर.

पण मेलीचं बहुतेक सगळं बरोबर निघतंय! राजा यारोस्लाव, साल १०३२. घोडेवाले म्हणजे मंगोल. पुढे कोसॅक लोकांचा आणि पोलंडचा तह याच गावात. चांगलंच नावाजलेलं गाव आहे. वाचता वाचता लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली.

२२ मे, सोमवार

सापडली! त्या बागेतले अवशेष खोटे आहेत! राजवाडा-बिजवाडा काही नव्हता. त्या काउंट लोकांनी नवीन बाग केली तेव्हा शोभेसाठी म्हणून पडकं बांधलं. मुद्दाम. पडकंच बांधलं, पहिल्या दिवसापासून पडकं!

शाळेतून येताना पूर्वीला सांगितलं. नीट, संदर्भासकट.

२३ मे, मंगळवार

काय झालं बघा. पूर्वीने जाऊन तिला सांगितलं. म्हातारीला राग यावा की नाही? ती म्हणे हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. "आम्ही तिथे राजकन्या राजकन्या खेळायचो! आणि ते खोटं!" मग दोघींनी मिळून तिच्या घरामागच्या बागेत विटांचं खोटं पडकं बांधलं. पूर्वीची आख्खी संध्याकाळ तिथेच. वर निरोप – "तुझ्या टीचर आजीला थँक यू सांग."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

७ जून, बुधवार

गल्लीभर गाड्यांवर इंग्लंडचे झेंडे. फुटबॉलचा वर्ल्ड कप. आमच्या खिडकीत मात्र युक्रेनचा निळा-पिवळा! पूर्वीने रंगवलाय. मिलिंद म्हणतो, "राहू दे गं आई, पोरखेळ आहे." पोरखेळच. मग माझ्या पोटात का दुखतं?

१२ जून, सोमवार

आज जे झालं ते लिहायलाही नको वाटतंय. शाळेत प्रोजेक्ट आहे – 'माझ्या कुटुंबातलं एक गाव'. सुट्टी लागायच्या आधी सगळ्या आईबापांसमोर बोलायचं. मी ऐकताक्षणी उठले, बॅगेतून फोटो काढले. प्रीतिसंगम, मनोरे, विहीर. मी हे सगळं घेऊनच आले होते!

पूर्वी शूजच्या लेसशी चाळा करत म्हणाली, "मी बिला त्सेर्क्वा घेतलाय."

"कुटुंबातलं गाव आहे ना पूर्वी?"

"हो. बाबा आहे ना आपला फॅमिलीत."

अक्षया म्हणाली, "आई, मनाला लावून घेऊ नका, कराड पुढच्या वर्षी करेल." पुढच्या वर्षी मी असेन का इथे? सहा महिन्यांचा तर व्हिसा. आयत्या बिळावर नागोबा होऊन ती म्हातारी बसलीय, आणि सगळे तिची पूजा करतायत. पिकतं तिथं विकत नाही हेच खरं.

फोटो परत बॅगेत ठेवले.

१४ जून, बुधवार

युक्रेन हरलं. स्पेनने चार गोल घातले. पूर्वी रडली. देवा क्षमा कर, मला बरं वाटलं.

२ जुलै, रविवार

काल इंग्लंडही हरलं. सकाळी सगळीकडे झेंडे उतरवणं चाललं होतं. मोत्र्याचा मुलगा स्टीफन आला होता. दर रविवारी येतो वॉटफर्डहून. पन्नाशी उलटलेला, शांत माणूस. पुढच्या अंगणात झुडपांचं कुंपण कापत होता.

मी मुद्दाम गेले. वेड पांघरून विचारलं, "तुमच्या आईचं घर बिला त्सेर्क्वात नक्की कुठे होतं? बाजाराच्या बाजूला की नदीच्या?" म्हटलं, बघू मुलाला काय सांगितलंय, दोघांच्या गोष्टी जुळतायत का.

कात्री थांबली. "बिला त्सेर्क्वा? नाही नाही. आई तेर्नोपिलकडच्या एका खेड्यातली. पार पश्चिमेला. आई-वडील दोघंही एकाच गावचे."

"पण त्या पूर्वीला सांगतात…"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काहीतरी गैरसमज झालाय तुमचा. आई त्या गावाला कधी गेलेलीच नाही."

घरी येऊन चहा केला. दोनदा साखर घातली. आनंदाने! लबाड! कुठलं तरी दुसऱ्याचं गाव उचललं आणि माझ्या नातीला आपलं म्हणून विकलं. आणि मी माझं खरंखुरं गाव घेऊन बसलेय!

३ जुलै, सोमवार

पूर्वीला सांगितलं. अक्षया घरी यायच्या आत. "तुझी बाबा खोटारडी आहे. ते तिचं गावच नाही. तिच्या मुलाने मला सांगितलं." पूर्वी म्हणाली, "तू लाय करतेयस." मी म्हटलं, जा, विचार तिलाच.

मागच्या कुंपणाची एक फळी सैल आहे, त्यातून ही जाते-येते. गेली. लगेच आली. तोंड पांढरं पडलेलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, येस. आय लाइड."

आणि खोलीत जाऊन दार लावलं.

५ जुलै, बुधवार

निळा-पिवळा झेंडा कचऱ्यात दिसला. पूर्वीने मागितले म्हणून कराडचे फोटो दिले. जिंकले.

९ जुलै, रविवार

स्टीफन आला नाही. दर रविवारी येतो. त्याच्या आईच्या पुढच्या पायरीवर दुधाची बाटली दुपारपर्यंत तशीच होती. असेल काही. मला काय त्याचं!

१९ जुलै, बुधवार

असलं ऊन या देशात कधी पडलं नाही म्हणे. शाळेच्या हॉलमध्ये पंखा नाही, लोक कागदांनी वारा घेत होते. एक गुजराती मुलगा नैरोबीवर छान बोलला. एक आयरिश मुलगी तर नाचलीच.

मग पूर्वी. पुठ्ठ्याचे मनोरे मी केलेले, विहीर मी केलेली, आणि वाक्यंही, आता लिहूनच टाकते, मीच लिहून दिलेली. तिने वाचली. एकही चूक नाही. रेल्वे स्टेशनवरची घोषणा ऐकावी तसं ऐकलं सगळ्यांनी. एकदासुद्धा हात हलला नाही तिचा, डोळे कागदावरून वर आले नाहीत. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

खाली येऊन मला म्हणाली, "झाला?"

मोत्र्याच्या घरावरून जाताना मान दुसरीकडे. हे मी केलं. मला हवी होती ती माझी नात होती – ही कोण गप्प पोरगी माझ्या हाताला धरून चालतेय?

२० जुलै, गुरुवार

चार वाजता कुंपणावर टकटक. मोत्र्या. "टीचर, थोडा वेळ येता?" पूर्वी मैत्रिणीकडे गेली होती. मी पदर खोचून गेले. त्या सैल फळीतून पहिल्यांदाच. मनात वाद तयार होता.

मागच्या पायरीवर बसवलं मला. थंड सरबत दिलं. विटांचं ते खोटं पडकं तिथंच होतं, तिने मोडलं नव्हतं.

म्हणाली, "स्टीफनने मला विचारलं, हे गाव मी पूर्वीला माझं म्हणून का सांगत होते. मी सांगून टाकलं त्याला. तेव्हापासून तो आलेला नाही. तुम्हालाही सांगते. तुम्ही खरं शोधणाऱ्या आहात."

सोळा वर्षांची होती. गाव जर्मनांच्या ताब्यात. बाजारातून पोरींना उचललं आणि गाडीत घालून जर्मनीला नेलं, कुणाच्या तरी शेतावर राबायला. घरी निरोपसुद्धा नाही. युद्ध संपलं तर रशियन अधिकारी छावण्यांत यायला लागले, आपल्या हद्दीतली माणसं परत न्यायला. परत गेलेल्यांचे हाल ऐकू येत होते. शत्रूची चाकरी केली म्हणून थेट सैबेरिया! फक्त युद्धाआधी पोलंडच्या हद्दीत असलेल्या युक्रेनी लोकांना जबरदस्ती नव्हती. छावणीत इव्हान भेटला, तो तेर्नोपिलकडचा, म्हणजे त्या पोलंडच्या हद्दीतला. त्याने तिला आपलं गाव शिकवलं.

"शिकवलं म्हणजे?"

"जसं तुम्ही शाळेत शिकवता. विहीर कुठे, पाद्र्याचं नाव काय, चर्चला दारं किती, पुलाच्या आधी कुणाचं घर. महिनाभर मी पाठ करत होते. अधिकाऱ्याने विचारलं आणि मी धडाधड सांगितलं. मग लग्न झालं, इंग्लंडला आलो, तिथेही तेच सांगितलं. चर्चमध्ये, शेजाऱ्यांना, मुलाला. मागे राहिलेल्यांना त्रास होईल म्हणून घरी एक ओळ लिहिली नाही. पुढे ते राज्य बुडालं, पण तोपर्यंत मुलगा चाळिशीचा झालेला. त्याला कुठल्या तोंडाने सांगणार? खोटं बोलले, हो. सगळ्या जगाशी बोलले. फक्त त्या मुलीशी नाही."

लहान मुलीला 'येस, आय लाइड' म्हणाली ती ही लबाडी – मुलाशी, जगाशी केलेली. आणि मी जिंकले म्हणून वहीत लिहून ठेवलं!

माफी मागायला तोंड उघडलं, तर तिने माझा हात धरला. राठ, जाड हात. "टीचर, तुम्ही पुस्तकं वाचलीत. मला इंग्लिश वाचायला जड जातं, आणि भीतीही वाटायची. सांगाल मला? बाजारातली ती लांब दुकानांची रांग आहे का अजून?"

"आहे."

"मोठं चर्च?"

"आहे."

"बाग?"

म्हटलं, युद्धात खूप झाडं गेली, पण परत लावली. लोक फिरायला जातात.

मग अगदी हळू – "आणि ते खांब?"

"आहेत. फोटो पाहिला मी. अजून एका टोकाचं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, असं लिहिलंय."

रुमालाचं टोक तोंडावर धरून बसली. बहिणीचं काही विचारलं नाही तिने. पुस्तकात ते कुठून असणार!

सगळ्या लंडनमध्ये या बाईला तिच्या गावचं सांगू शकणारं माणूस कोण, तर मी. आणि मी ते वाचलं कशासाठी!

२१ जुलै, शुक्रवार

पूर्वीला सगळं सांगितलं. समजेल एवढं. चूक माझी, हेही सांगितलं. अक्षया-मिलिंदसमोर.

"म्हणजे बाबाचा गाव खरा आहे?"

"खरा आहे."

"मग मी ते प्रोजेक्ट करायला पाहिजे होता."

"हो बाळा."

माझ्याजवळ आली नाही. फळी सरकवून पलीकडे गेली. मी खिडकीतून पाहिलं. तरी जळलंच आत थोडं. स्वभावाला औषध नाही.

२३ जुलै, रविवार

स्टीफन आला. खूप वेळ गाडीतच बसून होता. मग उतरला, बेल वाजवली. संध्याकाळपर्यंत गाडी तिथेच होती.

२५ जुलै, मंगळवार

लायब्ररीत तिघी गेलो. कंप्युटरवर खांबांचा फोटो लावून दिला. मोत्र्याने पडद्याला हात लावला, एका टोकाला, मग दुसऱ्या. परत येताना पूर्वी पुढे पळाली तेव्हा मी विचारून घेतलं – साठ वर्षं कुणाला सांगितलं नाहीत, पोटच्या मुलालाही नाही, मग या एवढ्याशा पोरीलाच का?

म्हणाली, "तुमच्यामुळे. रोज शाळेतून येताना ही मला तुमचं गाव सांगायची. आजीची विहीर, आजीचे मनोरे, आजीच्या दोन नद्या. दोन वर्षं रोज! हात हलवून, डोळे एवढे करून. मला फार हेवा वाटायचा तुमचा, सुनेत्रा. तुमच्याकडे आपलं गाव होतं, आणि माझ्याकडे पाठ केलेलं."